सतराव्या पानावरची दुरुस्ती

आमच्या प्रकल्पाच्या अंतिम अहवालात सतराव्या पानावर एक वाक्य होतं. अहवाल इंग्रजीत होता. त्या वाक्याचा अर्थ असा, की चित्र स्थिर करण्यासाठी वेळ जुळवण्याची नवी पद्धत प्रस्तुत लेखकाने शोधून काढली. प्रस्तुत लेखक म्हणजे मी. वाक्य खोटं होतं. ती पद्धत सापडली तेव्हा मी प्रयोगशाळेत नव्हतो, कॉलेजात नव्हतो, कोल्हापुरातही नव्हतो. मेहुणीच्या वास्तुशांतीला चंदगडला गेलो होतो आणि दोन दिवस काजूच्या बागेतून हिंडत होतो.

ज्याने ती शोधली त्याला आम्ही सगळे मिस्त्री म्हणायचो. इथेही तेवढंच लिहितो. त्याने मला बजावलं आहे, "नाव कालेजच्या कागदावर पायजे हुतं. गोष्टीबिष्टीत नको."

मी कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला आमच्या ओळखीच्या नेत्रतज्ज्ञ डॉक्टर बाई परिषदेहून परतल्या आणि पर्समधून एक रंगीत कागद काढून माझ्या टेबलावर ठेवला. त्यावर लाल, हिरव्या, निळ्या पट्ट्या एकावर एक पसरलेल्या होत्या.

"हा जिवंत माणसाचा डोळा आहे," त्या म्हणाल्या. "न कापता, न शिवता आतले थर दिसतायत."

"कसं काय?"

"मला काय विचारता? वायरींचा संसार तुमचा."

मी त्याबद्दल वाचलं, आणि वाचता वाचता वेडा झालो. सोनोग्राफीत आवाज आत सोडतात आणि तो कुठून परत आला यावरून चित्र काढतात. इथे आवाजाच्या जागी प्रकाश. प्रकाशाचा बारीक किरण एका ठिकाणी पडला की त्या ठिकाणच्या खोलीची एक उभी रेघ मिळते. मग एक चिमुकला आरसा डोलतो, किरण जरा पुढे सरकतो, दुसरी रेघ मिळते. अशा शेकडो रेघा शेजारी शेजारी लावल्या की एक चित्र. असं यंत्र विकत घेणं कोल्हापुरात तेव्हा कुणाच्याच आवाक्यात नव्हतं. मी म्हटलं, आपण बनवू. दोन हजार साल उलटल्यावर काही वर्षांनी सरकारी अनुदान मिळालं. माझ्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. नोकरीभर दुसऱ्यांचे ऑसिलोस्कोप दुरुस्त केले, जाता जाता एक तरी गोष्ट आपली म्हणून उभी राहावी, असं मला फार वाटायचं. हे कारण म्हणून सांगतो. सबब म्हणून नव्हे.

मिस्त्री त्याच सुमारास कॉलेजात आला. पंचेचाळिशी ओलांडलेला, इचलकरंजीचा. वीस वर्षं तो जॉबर होता. यंत्रमागाच्या कारखान्यात माग बिघडला, कापड बिघडलं, की ज्याला हाक मारतात तो जॉबर. त्याच्या मालकाने माग भंगारात घातले आणि हा आमच्याकडे कंत्राटावर लागला. यंत्राची बैठक, आरशाच्या खाचा, किरणाची नळी बसवायचं ब्रॅकेट, सगळं त्याच्या हातचं. मोकळ्या वेळात सर्किट जोडायलाही शिकला. प्राचार्यांनी त्याला माझ्यासमोर सांगितलं होतं, "मिस्त्री, मार्चला कंत्राट संपतंय. पण सरांच्या अहवालात तुमचं स्वतःचं असं काही काम दिसलं, तर मी तुमची फाईल कायम करण्यासाठी पाठवतो. वयाची अट अजून एक वर्ष तुमच्या बाजूने आहे."

त्या दिवसापासून मिस्त्री एक तास आधी यायचा.

यंत्र उभं राहिलं आणि चित्र येईना. म्हणजे यायचं, पण करवतीच्या दात्यांसारखं. आम्ही किरणाखाली कांद्याचा पापुद्रा ठेवायचो. कांद्याच्या पेशी कशा विटा रचल्यासारख्या दिसायला हव्यात. आमच्या विटा प्रत्येक ओळीला अर्ध्या सरकलेल्या. आरसा डावीकडून उजवीकडे जाताना एक चित्र आणि परत येताना दुसरं, आणि दोन्ही एकमेकांवर बसत नव्हती.

दोष कळत होता. माझा कॉम्प्युटर आरशाला "हल" म्हणायचा आणि त्याच क्षणी कॅमेऱ्याला "टिप" म्हणायचा. कॅमेरा तत्काळ टिपायचा. आरसा मात्र वस्तू आहे, त्याला वजन आहे, तो किंचित उशिरा हलायचा. मी उपाय केला. कॅमेऱ्याला तेवढाच उशीर लावला. सकाळी चित्र छान यायचं. दुपारी यंत्र तापलं की पुन्हा दाते. मी आकडा बदलायचो. झोका जरा मोठा केला की पुन्हा दाते. तीन महिने मी तो एक आकडा वरखाली करत बसलो होतो, आणि अनुदान देणाऱ्यांना पाठवलेल्या मधल्या अहवालात ती माझी खास पद्धत म्हणून छापूनही टाकली होती.

एके दिवशी डॉक्टर बाई बघायला आल्या होत्या. मिस्त्री माझ्या मागे उभा होता. पडद्याकडे बघत म्हणाला, "सर, टायमिंग चुकतंय."

"ते मलाही दिसतंय, मिस्त्री."

"तसं न्हवं. तुमी मोटरला इच्यारून टायमिंग लावताय. मोटर बोलली म्हंजे धोटा गेला असं न्हाय. पट्टा घसरतोय, करंट कमी येतोय. आमी क्रँक कुठं हाय ते बघतो. हातानं चाक फिरवायचं, क्रँक तिथं आला की धोटा सुटला पायजे. मोटर काय का म्हणंना."

क्रँक म्हणजे मागाचा फिरता दांडा, धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन डावीउजवीकडे धावणारा लाकडी तुकडा. डॉक्टर बाई हसल्या. कौतुकाने हसल्या, हे आज कळतं. तेव्हा मला वाटलं, माझं हसं झालं.

"हा माग नाही, मिस्त्री," मी म्हणालो. "आणि इथे धोटा नाही. प्रकाश आहे. प्रकाशाला तुमचा पट्टा लागत नाही."

"प्रकाशाचं न्हाय म्हणत मी. आरशाचं म्हणतोय."

"बैठकीचे स्क्रू आवळून झाले का?"

"झाले."

"मग परत बघा."

तो गेला. दुसऱ्या दिवशी मी चंदगडची गाडी पकडली.

दोन दिवसांनी परतलो तेव्हा प्रयोगशाळेच्या दाराशी प्राचार्यांचा शिपाई आणि दोन शिक्षक उभे होते. आत डॉक्टर बाईंचं बोट किरणाखाली होतं. पडद्यावर कातडीचे थर होते, आणि थरांतून वर येणाऱ्या घामाच्या नळ्या, स्प्रिंगसारख्या पीळ घातलेल्या. दाता एकही नव्हता. मी झोका मोठा करून पाहिला. लहान करून पाहिला. यंत्र दुपारपर्यंत तापू दिलं. चित्र हललं नाही.

"काय केलंत?" मी विचारलं.

"आरशाला इच्यारलं," मिस्त्री म्हणाला.

आरसा हलवणाऱ्या सर्किटवर दोन पिना होत्या. आरसा त्या घडीला खरोखर कुठे आहे, ते त्यांच्यावर कळत असे. पुस्तिकेत लिहिलं होतं, फक्त तपासणीसाठी. मी त्यांना कधी वायर लावली नव्हती. मिस्त्रीने लावली. आरसा ठरल्या जागी पोचला की तिथूनच कॅमेऱ्याला इशारा. आणि इशारेही दोन वेगळे, डावीकडून निघताना एक, उजवीकडून परतताना दुसरा.

"दोन कशाला?"

"मागावर धोटा दोनीकडनं सुटतोय की. डावीचं टायमिंग उजवीला लावून चालतंय व्हय? दोनी बाजू आपापल्या लावाव्या लागत्यात."

मी एकच उशीर दोन्ही बाजूंना लावत होतो. तीन महिने.

त्या दिवसाचा आनंद मी आजही नाकारणार नाही. मी त्याला मिठी मारली. डॉक्टर बाईंनी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं. दुसऱ्या सकाळी मिस्त्री शिवाजी पेठेतल्या मटणाच्या दुकानातून स्टीलच्या डब्यात बकऱ्याचे डोळे घेऊन आला.

"त्यो म्हणला, नुसतं डोळंच? मुंडी न्हाय? मी म्हणलं, सर बघणार हाईत, खाणार न्हाईत. म्हणतोय कसा, मग तुमचे सर येडे दिसत्यात."

आणि पडद्यावर बुबुळावरचा पारदर्शक पडदा आला, कमानीसारखा स्वच्छ, त्याखाली काळी पोकळी आणि बाहुलीच्या दोन्ही कडा. डॉक्टर बाई डोळे पुसत होत्या. कोल्हापुरात बनवलेल्या यंत्रावर!

मग मी अहवाल लिहायला बसलो. मधल्या अहवालात माझी पद्धत छापलेली होती. आता ती चुकली आणि एका कंत्राटी जॉबरने बरोबर केली, असं लिहायचं होतं. मी लिहिलं, "प्रस्तुत लेखकाने." मनाशी म्हटलं, तोंडी सांगू सगळ्यांना.

अनुदान देणाऱ्यांची समिती आली. यंत्र उत्तम चाललं. समितीतल्या एका वृद्ध गृहस्थांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "इशारा आरशावरून घ्यायची कल्पना कुणाची? फार सुंदर आहे."

प्राचार्य माझ्या डावीकडे होते. मिस्त्री यंत्रापाशी, हातात डोळ्यांचा तो डबा. तोंडी सांगायची वेळ हीच होती.

"माझी," मी म्हणालो.

मिस्त्री पडद्याकडे बघत राहिला. पाहुणे चहाला गेल्यावर त्याने एवढंच विचारलं, "सर, यंत्रावर कव्हर घालू का?"

मार्चमध्ये त्याचं कंत्राट संपलं. फाईल गेली नाही, कारण फाईलमध्ये घालायला काही नव्हतं. जाताना तो मला भेटायला आला नाही. वर्षभरात त्याची वयाची अटही संपली. मी सन्मानाने निवृत्त झालो. निरोप समारंभात तीन वक्त्यांनी यंत्राचा उल्लेख केला, आणि प्रत्येक वेळी मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी कॉलेजातून फोन आला. यंत्राचा कॉम्प्युटर बदलला होता, सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या होत्या, आणि चित्राला परत दाते आले होते. माझ्या जागी आलेल्या तरुण मॅडम महिनाभर झगडत होत्या. मी गेलो. त्यांच्या टेबलावर माझा अहवाल होता, सतराव्या पानावर उघडलेला, कडेला पेन्सिलीने प्रश्न.

"सर, डावीकडचा इशारा मी कसाबसा जुळवला," त्या म्हणाल्या. "उजवीकडचा किती व्होल्टवर ठेवायचा? अहवालात नाहीये. आणि तो कशाच्या आधाराने ठरवलात?"

मी वाकून बघितलं. अहवालात ते नव्हतं, कारण मला ते माहीत नव्हतं. मिस्त्रीने ते कसं लावलं हे मी त्याला विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर काम त्याचं आहे हे कबूल करावं लागलं असतं. जे लिहिलं त्यावरून कुणालाही ते यंत्र परत उभं करता येणार नव्हतं. एक खोटा शब्द लिहिला, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. खरं म्हणजे मी सगळं पानच निकामी करून ठेवलं होतं.

"सर?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "ते काम माझं नाही, मॅडम. मी त्या दिवशी चंदगडला होतो."

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "मग ज्यांचं आहे ते कुठे भेटतील?"

मिस्त्री कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात देखभालीला होता. मी दुपारी पाळी सुटायच्या वेळी फाटकाशी जाऊन थांबलो. तो सायकल हातात धरून बाहेर आला. मला बघून थांबला.

"काय पावणं? वाट चुकला काय?"

पावणं तो अनोळखी माणसाला म्हणायचा. मी ते ऐकून घेतलं.

"यंत्र बंद आहे," मी म्हणालो. "दाते आलेत."

"मग लावा की टायमिंग. तुमीच काढलंय न्हवं?"

"तुम्ही काढलंय. मी ते लिहून द्यायला आलोय."

"लिवून? आता?" त्याने सायकल स्टँडला लावली. "सर, मार्चात लिवलं असतं तर माझी फाईल गेली असती. आता लिवून काय, माझं वय कमी हुतंय व्हय?"

"नाही होत."

"मग?"

मी म्हणालो, "खोटं आहे म्हणून. एवढंच."

सोबतचे कामगार हाका मारत पुढे गेले. मग तो म्हणाला, "येतो. पर हिकडं कानात न्हाय. त्या दिवशी जेवढ्या माणसांत बोलला, तेवढ्या माणसांत बोलायचं. कागद आधी. यंत्राला हात मागनं."

त्याच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही जमलो. प्राचार्य तेच होते. डॉक्टर बाई दवाखाना बंद ठेवून आल्या. समितीतले ते वृद्ध गृहस्थ येऊ शकत नव्हते, म्हणून प्राचार्यांच्या टेबलावरून त्यांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मी उभा राहून सगळं सांगितलं. कल्पना कुणाची, मी कुठे होतो, "माझी" हा शब्द मी कुणादेखत उच्चारला. प्राचार्यांचा चेहरा लाल झाला. "अहो, मी तुम्हाला विचारलं होतं," ते म्हणाले, "दोनदा विचारलं होतं." होय, दोनदा, मार्चच्या आधी, मिस्त्रीच्या फाईलसाठी. मग फोनमधून ते गृहस्थ म्हणाले, "मिस्त्री तिथे आहेत का? त्यांना द्या."

मिस्त्री फोनपाशी वाकला.

"मी तेव्हा म्हणालो होतो की कल्पना फार सुंदर आहे. ते तुम्हाला म्हणायचं होतं. चुकीच्या पत्त्यावर गेलं."

"पोचलं आता," मिस्त्री म्हणाला.

मग मी माझ्या हाताने दुरुस्तीचं पान लिहिलं. त्याचं पूर्ण नाव, त्याचं काम, माझी अनुपस्थिती. खाली सही. प्राचार्यांनी शिक्का मारला आणि ते पान अहवालाच्या प्रत्येक प्रतीत शिवायला सांगितलं, एक प्रत अनुदान देणाऱ्यांकडे दिल्लीला.

"आता उठा," प्रयोगशाळेत आल्यावर मिस्त्री म्हणाला आणि मला यंत्रापुढच्या खुर्चीवरून उठवलं. मॅडम वही घेऊन बसल्या. त्याने आरसा अगदी सावकाश हलवायला लावला, हाताने चाक फिरवावं तसा, आणि एकेका बाजूचा इशारा जिथे पडतो तिथे थांबवून दाखवला. उजवी बाजू जुळवताना म्हणाला, "आकडा पाठ करू नका, मॅडम. आकडा रोज बदलंल. आरसा परत फिरायच्या आत, सरळ चालीत असताना धरायचा. वळणावर धरला की फसला." मॅडमनी भराभर लिहून घेतलं. डॉक्टर बाईंनी बोट ठेवलं. पडद्यावर घामाच्या नळ्या उभ्या राहिल्या, पीळ न् पीळ मोजता येईल अशा. प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनी.

पद त्याला मिळालं नाही. ते आता कुणाच्याच हातात नव्हतं, आणि ते माझ्यामुळे गेलं, हेही या लिखाणात राहायला हवं. पण त्या वर्षापासून कॉलेजने त्याला दर सत्रात शिकवायला बोलावलं. इंजिनिअर होऊ घातलेली मुलं त्याच्यापुढे उभी राहून आरसा सावकाश फिरवायला शिकली. मॅडमनी पुढे जो निबंध छापला त्यात त्याचं नाव पहिलं होतं. माझं नव्हतं. मीच सांगितलं होतं.

निबंध छापून आल्यावर मी त्याच्या दोन प्रती घेऊन इचलकरंजीला गेलो. मिस्त्री संध्याकाळी जुन्या जॉबर मंडळींत चहाच्या गाड्यावर बसायचा. मी प्रत त्याच्या हातात दिली. त्याच्या हातातून ती शेजाऱ्याने ओढली, तिथून तिसऱ्याने. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, पण नाव सगळ्यांनी बोट ठेवून वाचलं.

"फोटू कुठं हाय ह्याचा?" एकाने विचारलं.

"ह्याचा न्हाय, बकऱ्याच्या डोळ्याचा हाय."

"मंग बरोबर. त्योच जरा देखणा हाय."

मिस्त्री हसत होता. मी त्याला इतकं मोठ्याने हसताना पूर्वी पाहिलं नव्हतं. एक म्हातारा जॉबर मात्र माझ्याकडे रोखून बघत होता. त्याने बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "म्हंजे सर, तुमच्या एवढ्या शिकल्याल्या माणसांत आमचा गडी सरस निघाला म्हणा की."

"व्हय," मी म्हणालो. "आणि मी ते दडवलं होतं."

"ते ठावं हाय आमाला," म्हातारा म्हणाला. "पयल्या दिसापास्नं ठावं हाय." आणि गाडेवाल्याकडे वळून म्हणाला, "ए, सरांना एक कडक दे."